लाईट गेल्यावर टाकीतले मासे: पहिल्या तासापासून चौथ्या दिवसापर्यंत

तळ्यातला (धागाकर्ता)

वळवाचे दिवस सुरू झाले की "लाईट गेलीय, मासे वर येऊन तोंड उघडतायत, काय करू?" असे प्रश्न सुरू होतात. तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून आधीच सगळं एका जागी मांडतो, बाकीच्यांनी भर घालावी.

थोडं गणित करू. २×१×१ फुटांच्या टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. खडी वगैरे धरून हाती ५० लिटर येतं. २८ अंशाला पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ७.८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, म्हणजे अख्ख्या टाकीत ३९० मिलिग्रॅम. पातळी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली गेली की बहुतेक मासे हैराण होतात. वापरता येण्याजोगे उरले २४० मिलिग्रॅम. ५० ग्रॅमचे चार गोल्डफिश ताशी साधारण ५० मिलिग्रॅम खातात, म्हणजे पाचेक तास. पण हा हिशोब पाणी आधी प्राणवायूने पूर्ण भरलेलं होतं असं धरून आहे. खच्चून मासे भरलेल्या टाकीत रात्री तेवढा प्राणवायू मुळात नसतोच. शिवाय कुजणारं खाणं, विष्ठा आणि जिवाणू त्यातलाच वाटा उचलतात.

त्याच टाकीत वीस गप्पी असतील तर त्यांची एकूण गरज ताशी ५-६ मिलिग्रॅमच्या आसपास. एवढा प्राणवायू नुसत्या पृष्ठभागातून आत येतो. ती टाकी रात्रभर काहीही न करता तगते. तेव्हा कुठला पंप घेऊ हे विचारण्याआधी टाकीत मासे किती आहेत ते मोजा.

लाईट गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत करायच्या गोष्टी:

झाकण काढा आणि त्या जागी मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा, कारण श्वास कोंडला की मासे उड्या मारतात. खाणं पूर्ण बंद. मोठे मासे तीन-चार दिवस उपाशी सहज राहतात. उलट पोट भरलेल्या माशाला जास्त प्राणवायू लागतो. हीटर आणि फिल्टरचे प्लग काढून ठेवा. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल आणि नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर नळी आधी पाण्याबाहेर काढा. नाहीतर पाणी उलटं पंपात शिरतं आणि लाईट आली की पंप जळतो किंवा घरातला ट्रिप पडतो. असा व्हॉल्व्ह वीस-तीस रुपयांत मिळतो, पण बहुतेकांकडे नसतो.

---

रंगीत_मासोळी

धाग्याबद्दल आभार दादा. माझी टाकी अशीच २ फुटी, तीन गोल्डफिश आणि एक सकर (काचेला चिकटणारा कॅटफिश). पंप मिळेपर्यंत हाताने काही करता येतं का? आणि मासे खरंच गुदमरतायत की उगाच वर आलेत, हे कसं ओळखायचं?

---

तळ्यातला

ताई, मगाने करता येतं, पण पाणी कुठून घेता हे महत्त्वाचं. वरचं पाणी घेऊन वरच ओतलं तर फारसा उपयोग नाही. लाईट गेल्यावर तळाचं पाणी तसंच पडून राहतं आणि प्राणवायू आधी तिथेच संपतो. रिकामा मग तळाशी नेऊन भरा आणि फूटभर उंचीवरून बारीक धारेने ओता. दर अर्ध्या तासाला असे पंचवीस-तीस मग ओतले तर तुमची टाकी तगेल. धार खडीवर पडू देऊ नका, गाळ उठतो.

ओळखण्याचं म्हणाल तर एखादा मासा वर येणं आणि सगळे मासे पृष्ठभागाला चिकटून एकाच दिशेला तोंडं करून असणं यात फरक आहे. कल्ल्यांचा वेग बघा. गोल्डफिशचे कल्ले नेहमीच्या दीडपट-दुप्पट वेगाने हलायला लागले की समजा. सकर आणि कोरी (तळाशी फिरणारे छोटे कॅटफिश) मधूनच सुर्रकन वर जाऊन हवा गिळून येतात. हे ते एरवीही करतात, पण दर मिनिटाला करायला लागले तर तळाशी प्राणवायू संपत आलाय.

फायटर, गुरामी, पॅराडाइज यांना वरची हवा थेट घेता येते. त्यांची चिंता शेवटी करा.

---

करंट_लागला

विजेचं माझ्याकडे घ्या.

यूएसबी एअर पंप. पाच व्होल्टचा, १ ते २ वॉटचा. १०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे ३.७ व्होल्टला ३७ वॉट-अवर. ५ व्होल्टला चढवताना घट होते, हाती २८-३० येतात. दीड वॉटचा पंप त्यावर १८-२० तास चालतो. पण अडचण अशी की कित्येक पॉवरबँका करंट फार कमी असला की "फोन चार्ज झाला" असं समजून स्वतःच बंद होतात. पंप रात्री लावून तुम्ही झोपता आणि अर्ध्या तासात तो थांबलेला असतो. म्हणून लाईट असतानाच दोन तास चालवून बघा. बंद पडत असेल तर त्याच पॉवरबँकेला दुसरा पंप किंवा छोटा यूएसबी पंखा जोडा, म्हणजे करंट वाढतो. काही पॉवरबँकांत घड्याळ-इअरफोनसाठी कमी करंटचा मोड असतो, तोही चालतो.

हे पंप अशक्त असतात. दोन फूट खोल टाकीच्या तळाशी एअर स्टोन (बुडबुडे काढणारा सच्छिद्र दगड) ठेवला तर बुडबुडाही येत नाही. स्टोन पृष्ठभागाखाली पाऊण-एक फुटावर लटकवा. पृष्ठभाग हलला की काम झालं, बुडबुडे तळापासून यायलाच हवेत असं नाही.

सेलचा पंप. दोन मोठ्या सेलवर चालणारा. आवाज कर्कश, पण कपाटात वर्षभर पडून राहिला तरी कामाला येतो. सेल मात्र आत घालून ठेवू नका, गळतात.

घरचा इन्व्हर्टर. १५० एएचची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-अवर, त्यातले ६० टक्के धरा. इन्व्हर्टर स्वतःच १५-२० वॉट खातो. त्यावर फक्त ५ वॉटचा एअर पंप ठेवला तर दीड-दोन दिवस निघतात. पण ७५ वॉटचे दोन पंखे लावलेत तर पाच-सहा तासांत खेळ खलास. आणि १०० वॉटचा हीटर इन्व्हर्टरवर कधीही नको.

कॉम्प्युटरचा यूपीएस. ६०० व्हीएच्या डब्यात १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॉट-अवर. यूपीएस स्वतःच बरंच खातो, पंपाला तीन-चार तास मिळतात. तीच बॅटरी बाहेर काढून १२ व्होल्टच्या डीसी पंपाला थेट जोडली तर ४ वॉटला १४-१५ तास. वायरमध्ये फ्यूज घाला आणि प्लस-मायनस नीट बघा.

---

गाळवाला

वरच्या सगळ्यांना +१. पण सगळं बोलणं श्वासाचं चाललंय, विषारी अमोनिया पचवणाऱ्या फिल्टरमधल्या जिवाणूंचं कोणी काढत नाहीये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे मासे मरतात ते बहुतेक याने मरतात.

कॅनिस्टर फिल्टर हा बंद डबा. आत मीडियावर (सिरॅमिक रिंग, स्पंज वगैरे) जिवाणूंचा थर असतो आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. प्रवाह थांबला की आतल्या पाण्यातला प्राणवायू तासा-दोन तासांत संपतो. पुढे जिवाणू मरायला लागतात, गाळ सडतो. मग लाईट आली की पंप हे सगळं टाकीत ओततो. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर ते पाणी टाकीत जाताच कामा नये.

लाईट दोन तासांहून जास्त जाणार असं दिसलं की कॅनिस्टर उघडा. सिरॅमिक रिंग आणि स्पंज पसरट टबात ठेवा आणि टाकीचंच पाणी इतकं घाला की मीडिया जेमतेम भिजेल. ओलसर आणि हवेशीर मीडिया एक-दोन दिवस चांगला टिकतो. नळाच्या पाण्याने धुवायचा नाही, क्लोरीनने उरलेलेही जातात. हँग-ऑनचा (टाकीच्या काठाला लटकणाऱ्या फिल्टरचा) स्पंज सरळ टाकीत तरंगत सोडा. स्पंज फिल्टरवाले सगळ्यात सुखी, त्यांना फक्त हवा हवी.

खडीखालच्या प्लेटचा फिल्टर अजून बऱ्याच घरांत आहे. त्यात अख्खी खडी हाच मीडिया. प्रवाह थांबला की खडीखाली सडणं सुरू. तिथे एअर पंप बॅटरीवर ठेवणं हाच उपाय, आणि पंप एकच असेल तर तो स्टोनऐवजी प्लेटच्या नळीला जोडा.

---

हिरवी_टाकी

झाडांच्या टाकीबद्दल दोन ओळी. उजेड असेपर्यंत झाडं प्राणवायू देतात, अंधारात ती माशांसारखीच घेतात. दिवसा पडदे उघडा, पण थेट ऊन नको. झाडांसाठी सोडलेल्या सिलिंडरच्या सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सोलेनॉइड, म्हणजे विजेवरचा व्हॉल्व्ह, लाईट जाताच बंद होतो. तोच वायू बनवणारी साखर-यीस्टची बाटली मात्र थांबत नाही. ती बुडबुडे सोडतच राहते आणि पाणी ढवळणारं काही उरलेलं नसतं. नळी लगेच बाहेर काढा. बाटलीचं झाकण घट्ट ठेवून नळी चिमटू नका, बाटली फुटते.

आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं काय? मेडिकलमध्ये मिळतं ते घातलं तर प्राणवायू सुटतो असं वाचलंय.

---

गाळवाला

सुटतो, पण किती ते बघा. मेडिकलमध्ये मिळणारी बाटली बहुधा २० व्हॉल्यूमची, म्हणजे सुमारे ६ टक्के असते. बाहेरच्या देशांतल्या लोकांचं माप ३ टक्क्यांचं. ते जसंच्या तसं उचललं तर डोस दुप्पट होतो. १ मिलीतून २० मिली वायू, म्हणजे साधारण २८ मिलिग्रॅम. १०० लिटरमध्ये ५ मिली घातलं तर लिटरमागे १.४ मिलिग्रॅमची भर, आणि तीही हळूहळू. कोळंबी, गोगलगायी आणि नाजूक झाडांना त्रास होतो. घालायचंच तर मासे आडवे पडायला लागलेत आणि हाताशी दुसरं काहीच नाही अशा वेळी, एकदाच, पाण्यात पातळ करून.

---

करंट_लागला

मी त्याच्याही विरोधात आहे. मासे आडवे पडलेत म्हणजे कल्ले आधीच बेजार. क्लोरीन काढलेलं ताजं पाणी ३० टक्के बदला. प्राणवायूही वाढतो आणि अमोनियाही कमी होतो.

---

गाळवाला

ताजं पाणी साठवलेलं असेल तर हो. पण लाईट नाही म्हणजे सोसायटीचा पंपही बंद. गच्चीवरची टाकी संपली की नळाला वारा. म्हणून दोन झाकणाच्या बादल्या कायम भरलेल्या ठेवाव्यात. तेवढं असेल तर पेरॉक्साइडचा विषयच निघत नाही, मान्य.

---

माडाच्या_सावलीत

वरचं सगळं काही तासांच्या हिशोबाचं झालं. कोकणात हिशोब दिवसांचा असतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कित्येक गावांत आठवडे लाईट नव्हती. खांब आडवे, डीपी पडलेल्या. तिथे पॉवरबँक कुठे चार्ज करणार?

अशा वेळी काचेची टाकी सोडून पसरट भांड्याकडे वळायचं. २×१ च्या टाकीचा पृष्ठभाग २ चौरस फूट. तेच ५० लिटर पाणी ३ फूट व्यासाच्या टबात ओतलं तर खोली ३ इंच आणि पृष्ठभाग ७ चौरस फूट. हवा आत जायची जागा साडेतीन पट झाली. अर्थात ३ इंच फक्त लहान माशांना पुरतात. मोठ्यांना पाणी वाढवून ६-८ इंच करा. टब पडवीत सावलीला ठेवा आणि वर जाळी घट्ट बांधा, मांजर आणि खंड्या दोघंही टपलेले असतात.

बिनविजेचा फिल्टर असा: प्लास्टिकच्या बादलीच्या बुडाला तापवलेल्या खिळ्याने १५-२० भोकं पाडा. तळाला स्पंज, वर कॅनिस्टरमधल्या रिंग. दोन फळ्यांवर बादली टबाच्या फूटभर वर ठेवा. दर तासाला टबातलंच पाणी मगाने बादलीत ओता, वीसेक मग. मीडिया भिजतो, जिवाणू जगतात आणि गळताना पाण्यात हवाही मिसळते. रात्री पाच-सहा तास खंड पडला तरी ओल्या मीडियाला काही होत नाही.

विहिरीचं पाणी थेट ओतू नका. खोल विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. दोन बादल्यांत दहा-पंधरा वेळा उंचावरून आलटून पालटून ओता, मग वापरा. आणि वादळ-पुरानंतर ग्रामपंचायत विहिरीत, टाक्यांत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नेहमीपेक्षा जास्त टाकते. ओटी टेस्टचे (क्लोरीन तपासायचे) थेंब टाकून बघा, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. क्लोरीन काढायचे हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे क्लोरीनच्या सातपट वजनाने लागतात. लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर १०० लिटरला सुमारे दीड ग्रॅम. हे खडे क्लोरीन मारतात, अमोनियाला हातही लावत नाहीत.

तीन-चार दिवसांनी खाणं सुरू केलंत तर एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

लाईट असलेल्या गावी मासे हलवायचे असतील तर दुकानदाराकडून ऑक्सिजन भरून पिशव्या बांधून घ्या. एक भाग पाणी, दोन भाग वायू, आधी एक दिवस उपाशी ठेवून. थर्मोकोलच्या खोक्यात २४ तास निभावतात. तोंडाने फुगवलेली पिशवी बांधू नका.

आणि वैतागून मासे ओढ्यात सोडून देऊ नका. सकर आधीच आपल्या बऱ्याच जलाशयांत पसरलाय.

---

वऱ्हाडी_ठेचा

इकडे मे महिन्यात टाकीचं पाणी ३३-३४ अंशांवर जातं, त्यात लाईट जाते. बर्फ टाकू का?

---

तळ्यातला

भाऊ, बर्फ थेट नको. पाण्याची बाटली गोठवून, बूच घट्ट लावून तरंगत सोडा. ५० लिटरला अर्ध्या लिटरची एक. तेवढी पूर्ण वितळली तरी पाणी एखाद अंशच उतरतं, आणि तेवढंच हवंय. तासाला दोन अंशांहून जास्त उतरू देऊ नका. त्याहून बरा उपाय म्हणजे यूएसबी पंखा पृष्ठभागावर तिरका लावणं. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं आणि पृष्ठभाग हलत असल्याने प्राणवायूही मिळतो. २५ अंशाला लिटरमध्ये ८.२ मिलिग्रॅम मावतात तेच ३० ला साडेसात, आणि माशांची गरज तोवर वाढलेली. म्हणून उन्हाळ्यातला एक तास हिवाळ्यातल्या दोन-तीन तासांइतका महाग.

हिवाळ्यात डिस्कसवाल्यांनी (या माशांना उबदार पाणी लागतं) तिन्ही बाजूंना थर्मोकोल लावावा, वरून चादर टाकावी, फक्त वरची फट उघडी ठेवावी. बाकीच्या माशांना एका रात्रीत काही होत नाही.

---

गाळवाला

लाईट आल्यावरचं राहिलं. लोक इथेच चुकतात. सगळे स्विच एकदम टाकतात.

बंद पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्याने पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कली अंक) उतरलेला असतो. उतरलेल्या पीएचला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. जोरात हवा सोडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. २५ अंशाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याहून जरा जास्त विषारी असतो, ८ ला पाच टक्क्यांहून जास्त. बोअरच्या जड पाण्यावर टाकी चालवणाऱ्यांनी हे डोक्यात पक्कं ठेवावं, त्यांचा पीएच ८ च्या पुढेच असतो.

म्हणून लाईट सहा-आठ तासांहून जास्त गेली असेल तर हा क्रम ठेवा: आधी २५ टक्के पाणी बदला, मग एअर पंप सुरू करा. कॅनिस्टरमधलं जुनं पाणी मोरीत ओता, टाकीच्या नव्या पाण्याने भरा, मगच लावा. हँग-ऑनच्या डब्यात मगाने पाणी भरून मग स्विच टाका, नाहीतर मोटर कोरडी फिरते. हीटर सगळ्यात शेवटी, पूर्ण बुडालाय याची खात्री करून. पुढचे तीन दिवस रोज अमोनिया तपासा. लिटरला ०.५ मिलिग्रॅम दिसला की पुन्हा पाणी बदला. खाणं निम्मं. हवा चालू असूनही मासे वरच धापा टाकत असतील आणि कल्ले लालभडक दिसत असतील तर तो अमोनियाच.

---

करंट_लागला

भर: लाईट परत येताना व्होल्टेज बऱ्याचदा वर-खाली होतं. पाच-दहा मिनिटं थांबून प्लग लावा.

---

रंगीत_मासोळी

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून टाकीमागे चिकटवतेय. शेवटचा प्रश्न: बहिणीकडे टाकीखाली संप (फिल्टरची वेगळी टाकी) आहे. लाईट गेली की संप काठापर्यंत भरतो. हे नेहमीचं आहे की काही बिघडलंय?

---

करंट_लागला

काठापर्यंत भरणं हे अगदी हद्दीवर आहे ताई. पंप थांबला की रिटर्नच्या (संपातून वर टाकीत पाणी नेणाऱ्या) पाइपचं तोंड जेवढं पाण्यात बुडालेलं, तेवढं पाणी सायफनने उलटं खाली येतं. पाइपला पाण्याच्या पातळीच्या अगदी जरासं खाली ३ मिलीमीटरचं भोक पाडा. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते भोक शेवाळाने बुजतं, दर पंधरवड्याला काडीने साफ करायला सांगा. मग चालू पंपाचा प्लग मुद्दाम काढून संप किती चढतो ते बघा आणि पंप चालू असतानाची पातळी मार्करने आखून ठेवा. त्या रेषेच्या वर पाणी भरायचं नाही.